आठवड्याला एक चित्र, खाटेवरून

आमच्या डायलिसिस केंद्रात नवीन पेशंट आला की सिस्टर त्याला माझ्या शेजारची खाट देतात आणि म्हणतात, "घाबरू नका, बाईंशी बोला." मग मी बोलते. परवा एक तरुण मुलगी आली होती. सुयांची जाडी बघून तिला रडू आवरेना. तिला जे सांगितलं तेच इथे जरा सवडीने लिहिते आहे. किडनीचं दुखणं म्हणजे काय ते डॉक्टर सांगतील, त्यातलं मला अजूनही अर्धंच कळतं. त्या दुखण्याबरोबर माझे दिवस कसे गेले आणि त्यात चित्रं कशी आली, एवढंच मी सांगू शकते.

नलिनीची अट

मी मुरबाडच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. घर सरळगावच्या अलीकडे. घराला लागूनच माझ्या यजमानांची, सुरेश यांची, भाताची गिरणी आहे. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. मुलगी नाशिकला शिकते.

हातात रोज ब्रश असायचा, पण कशासाठी? शाळेच्या भिंतींसाठी, स्नेहसंमेलनाच्या पडद्यांसाठी, कुणाच्या लग्नात दाराशेजारी गणपती काढायला. हात आपोआप चालायचा. गणपती काढताना मी शेजारणीशी मेथीच्या भावाबद्दल बोलू शकायचे.

नलिनी माझी कलाशिक्षणाच्या काळातली मैत्रीण. तिने एका दिवाळीनंतर आम्हा जुन्या आठ-दहा जणांचा मोबाइलवर ग्रुप केला आणि लिहिलं, "वर्षभर, दर आठवड्याला एक चित्र. समोर बसून, एका बैठकीत. फोटोवरून नाही, खोडरबर नाही. रविवारी इथे टाकायचं. कोण तयार आहे?"

मी तिथल्या तिथे हो म्हटलं. का ते माहीत नाही. बहुतेक मलाच माझा कंटाळा आला होता.

पहिलं चित्र गिरणीमागच्या तुसाच्या ढिगाचं काढलं. मग कापणी झालेली खाचरं. मग एका रविवारी सुरेशनी मोटारसायकलवरून सिद्धगडाच्या पायथ्याशी नेलं, तिथून गड काढला. चित्रं टाकली की बाकीचे 'वा, छान' लिहायचे. नलिनी एकच शब्द लिहायची. "गोड."

मी तिला फोन करून विचारलं, "गोड म्हणजे चांगलं ना गं?"

"गोड म्हणजे गोड," ती म्हणाली. "तू डोंगराला पावडर लावतेस. काढत राहा, जाईल."

जत्रेतला बैल

त्या हिवाळ्यात मला दम लागायचा. जिना चढले की बसावंसं वाटायचं. पायांना सूज यायची, चपलेचा पट्टा रुतायचा. पाळी जायचं वय आलंय, होत असेल असं, असं मी स्वतःच ठरवून टाकलं. हे वाचणाऱ्या बायकांना माझं हात जोडून सांगणं आहे, असं स्वतः ठरवू नका.

मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत आम्ही गेलो ते बैल काढायला. एक खिल्लारी बैल छान उभा होता. मी स्टूल टाकून बसले. त्याची पाठ काढून झाली, वशिंड काढलं, आणि ब्रश पाण्यात बुडवायला वाकले तो श्वासच घेता येईना. तिथेच उलटी झाली. बैलवाला धावत आला, त्याने मला त्याच्याच घोंगड्यावर आडवं केलं. सुरेश तेव्हा सासूबाईंसाठी घोंगडी घ्यायला पलीकडे गेले होते. परत आले ते खांद्यावर नवीन घोंगडी आणि तोंडावर रंग नाही.

मुरबाडच्या डॉक्टरांनी बीपीचा पट्टा एकदा बांधला, सोडला, परत बांधला. मग त्यांनी थेट गाडीवाल्याला फोन लावला. आम्हाला कल्याणला पाठवलं.

तो दिवस

कल्याणच्या हॉस्पिटलात रक्त घेतलं, सोनोग्राफी झाली. डॉक्टर तरुण होत्या. माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. त्यांनी रिपोर्ट आमच्याकडे फिरवला.

"दोन्ही किडन्या आकसल्यात. बीपी बरीच वर्षं वाढलेलं असणार, कळलं नाही."

सुरेश म्हणाले, "गोळ्यांनी होईल ना, डॉक्टर?"

"नाही. आजच मशीन लावावं लागेल."

सुरेशच्या मांडीवर ती नवीन घोंगडी होती. ते तिची घडी घालत होते, उलगडत होते, परत घालत होते. मी त्यांच्या हातांकडेच बघत राहिले. आणि मग मी जे विचारलं त्याचं आज हसू येतं. मी विचारलं, "शाळेत किती दिवसांची रजा टाकू?"

डॉक्टर म्हणाल्या, "रजेचं नंतर बघू हं. आधी तुमचा श्वास नीट करू."

तो 'हं' मला फार धीराचा वाटला. मोठमोठ्या आश्वासनांपेक्षा तेवढाच लक्षात राहिला आहे.

समोर काय आहे?

सुरुवातीला मानेत नळी होती. मग डाव्या हातावर छोटं ऑपरेशन करून सुयांसाठी जागा केली. ती तयार झाल्यावर शहापूरच्या केंद्रात माझे आठवड्यातले तीन दिवस ठरले. दर खेपेला चार तास. घरून किन्हवलीमार्गे मोटारसायकलने जायचं, झेपलं नाही तर रिक्षाने. डाव्या हातात दोन सुया, त्यांना नळ्या, नळ्या मशीनला. आपलंच रक्त आपल्याच डोळ्यांसमोर बाहेर जातं आणि धुऊन परत येतं. पहिले काही दिवस मी भिंतीकडे तोंड करून पडायचे. घरी आल्यावर अंग पिळून काढल्यासारखं व्हायचं. मी कुणाशी बोलायचे नाही. मुलीचा फोनसुद्धा घ्यायचे नाही.

नलिनीला मी लिहिलं, "माझं नाव काढ. मी बाहेर जाऊन बसू शकत नाही आता."

तिचा फोन आला. तिने बराच वेळ सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंगल, अट काय होती?"

"समोर बसून काढायचं."

"मग? समोर डोंगरच हवा असं मी कुठे म्हटलं होतं? तुझ्या समोर काय आहे?"

मला तिचा रागच आला. फोन ठेवला. पण पुढच्या खेपेला पिशवीत छोटा कागद, पेन्सिल आणि शाळेतली रंगांची पेटी होती.

ज्योत्स्ना सिस्टर केंद्राच्या प्रमुख. त्यांनी पेटी बघितली आणि कमरेवर हात ठेवले. "बाई, हे काय? इथे पाणीबिणी सांडायचं नाही. मशीन आहे."

"वाटीभरच पाणी घेईन."

त्यांनी विचार केला. "वाटी नाही. बाटलीचं झाकण. आणि डावा हात एवढासा जरी हलला ना, तर पेटी जप्त."

झाकणभर पाण्यात मी पहिलं चित्र काढलं. समोरच्या खिडकीचं. एका हाताने कागदही धरता येत नव्हता. सिस्टरांनीच पुठ्ठ्याला कागद चिकटपट्टीने लावून दिला. त्या चार तासांत घड्याळाकडे माझं लक्ष गेलं नाही, आणि हे आजारपणात पहिल्यांदाच झालं.

पाणी

हे दुखणं ज्यांना नाही त्यांना तहानेबद्दल सांगून कळत नाही. किडनी पाणी बाहेर टाकत नाही, म्हणून प्यायचं मोजून. आणि शहापूरचा तो एप्रिल. दिवसभराचं माझं पाणी जेमतेम चहाच्या चार-पाच पेल्यांएवढं. डाळीतलं पाणीसुद्धा हिशेबात. स्वप्नात मला विहीर दिसायची.

एका दुपारी मी चित्र काढत होते. झाकणातलं पाणी निळसर झालं होतं. मी ते उचललं आणि ओठांशी नेलं. ब्रश बुडवायला नव्हे. खरंच प्यायला.

ज्योत्स्ना सिस्टरांनी पाहिलं. मला वाटलं आता ओरडतील. त्या आल्या, माझ्या हातातून झाकण अलगद काढून घेतलं, आत गेल्या, आणि चमच्यात बर्फाचा एक खडा घेऊन आल्या. "जिभेवर ठेवा. घाई करू नका." मी तो खडा विरघळेपर्यंत रडत होते. त्या माझ्याजवळ उभ्या राहिल्या.

शेजारच्या खाटेवरून आवाज आला. "बाई, आमच्या पाड्यावर टँकर येतो तवा आमी असंच पानी मोजून पितो. होतंय सवय. मानूस कशालापन सवकतो."

ते दामूआबा होते.

दामूआबांचं चित्र

दामूआबा उंबरमाळीच्या वरच्या पाड्यावरचे. सत्तरीच्या आसपास. एकटेच यायचे. मी त्यांचं चित्र काढलं. केंद्रात चांगली चार-पाच चित्रं काढून झाल्यावर माझा हात बसला होता, म्हणून मोठ्या हौसेने त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. "यो मी नाय."

"अहो आबा, नाक-डोळे तर तुमचेच आहेत."

"नाक माजंच हाय. पन यो मानूस कुनाच्या लग्नाला चाललाय. मी तर हितं पडलोय." मग मशीनकडे बोट दाखवून म्हणाले, "मशीन काढा."

"मशीन नाहीच आहे चित्रात, आबा. मी ते घेतलंच नाही."

"त्येच बोलतो मी! काढा म्हंजे चितरा. ते हाय म्हनून मी हाय. त्याला कशाला सोडलं?"

खाटांवरचे सगळे हसले. मीही हसले. पण घरी जाताना, मोटारसायकलवर सुरेशच्या पाठीला डोकं टेकून, मी तेच घोळवत होते. इतके आठवडे मी त्या खोलीत बसून खिडकी काढली, फुलांचा पडदा काढला, सिस्टरांची हसरी मुद्रा काढली. नळ्या, सुया, लाल रंग, काही म्हणून कागदावर येऊ दिलं नव्हतं. माणसं बरी दिसावीत म्हणून त्यांचं दुखणंच काढून टाकत होते. नलिनीचा 'गोड' मला तेव्हा उमगला.

पुढच्या आठवड्यात आबांना पुन्हा काढलं. मशीनसकट. नळ्यांचे वेढे, सुयांवर लावलेली पट्टी, तळव्याच्या भेगा, हनुवटीवरचे पांढरे खुंट. लाल रंग मी प्रथमच पेटीतून घेतला. चित्र सुंदर मुळीच झालं नाही. आबांनी ते मांडीवर घेतलं आणि कितीतरी वेळ बघत राहिले.

"यो दामू हाय," म्हणाले. "मना द्या."

मी दिलं. नलिनीला त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवला. तिने लिहिलं, "आता सुरू झालं."

महिनाभराने आबांसोबत त्यांची सून आली. ती आता दर खेपेला येते, बाहेर थांबते, परत घेऊन जाते. आबांनीच कारण सांगितलं. "पाड्यावर समद्यांना वाटायचं का म्हातारा शहापुरात जातो, भजी खातो नि येतो. चित्र बघितलं नि गप झाली."

मला आजवर शाळेत बक्षिसं मिळाली आहेत. त्यातलं एकही याच्या जवळ येत नाही.

घरातलं

घरातली गोष्ट लिहू की नको असा विचार करत होते. सासूबाई म्हणाल्या, "लिही. माजंपन लिही." म्हणून लिहिते.

सुरेशनी किडनी द्यायचं ठरवलं. मला न विचारता डॉक्टरांशी बोलून आले. सासूबाईंनी ऐकलं आणि जेवणावरून उठल्या. त्यांना हा एकच मुलगा. त्या माझ्याशी भांडल्या नाहीत, पण बोलणं बंद केलं. बटाट्यातले क्षार निघावेत म्हणून माझ्यासाठी ते कापून पाण्यात भिजत घालायचे, ते पाणी फेकायचं, परत उकडायचे, हे सगळं त्याच करत होत्या. ताट पुढे ठेवायच्या आणि आत जायच्या. मला त्यांचा राग येत नव्हता. माझ्या मुलीवर वेळ आली असती तर मीही तशीच वागले असते.

तपासण्यांत सुरेशना साखर निघाली. डॉक्टर नाही म्हणाले. सुरेश गिरणीत जाऊन बसले, पट्टा सुरू केला, आणि भात नसताना गिरणी नुसतीच चालू ठेवली. त्या आवाजात ते रडत होते हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. कितीतरी दिवसांनी. म्हणाल्या, "मना बरं वाटलं गो. आनि बरं वाटलं म्हनून लाज वाटली."

मी म्हटलं, "आई, मलाही बरंच वाटलं."

हे खरं होतं. सुरेशचं पोट कापलेलं मला बघवलं नसतं. आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून गिरणीचा आवाज थांबायची वाट बघत बसलो. त्या दिवसापासून सासूबाईंनी स्वतःच्या ताटातलं मीठही कमी केलं. "येकटीनं आळणी कशाला खायाचं," म्हणाल्या. सुरेशची साखरही त्यामुळे वेळेवर कळली, आता ताब्यात आहे. माझं नाव अवयवदानाच्या प्रतीक्षायादीत आहे. येईल तेव्हा येईल.

बाकावर

दिवाळी उलटली आणि नलिनीच्या आव्हानाचा शेवटचा आठवडा आला. शेवटचं चित्र कशाचं काढायचं ते मी ठरवलं नव्हतं. त्या दिवशी केंद्रात पोचलो तर एक मशीन बिघडलेलं. ज्योत्स्ना सिस्टर म्हणाल्या, "बाई, दोन तास थांबावं लागेल. बाहेर बसा."

इतक्या महिन्यांत मी दाराबाहेरच्या बाकावर कधी बसलेच नव्हते. मी आतलीच. मला आत सोडलं की सुरेश म्हणायचे, "मी बाजारात जाऊन येतो, गिरणीचं काय काय बघायचंय." चार तासांनी दारात उभे असायचे. मला वाटायचं, बरं आहे, त्यांची कामं तरी होतात.

मी बाकावर टेकले तर तिथली झाडलोट करणारी मावशी सुरेशना म्हणाली, "गिरणीवाले, आज तुमची जागा बाईंना दिली वाटतं?"

"तुमची जागा?" मी विचारलं.

मावशीच म्हणाली, "रोज हितंच तर असतात. ह्या कोपऱ्यात. हलत नाहीत."

सुरेशनी मान खाली घातली. मग ते म्हणाले, "पहिल्या महिन्यात एकदा चहा प्यायला गेलो होतो. तेवढ्यात तुजं बीपी पडलं. सिस्टरनं हाक मारली नि मी नव्हतो. मंग परत नाय गेलो."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू आत पडून माजी काळजी करत बसली असतीस. चित्र बिघडलं असतं तुजं."

मी पिशवीतून पुठ्ठा काढला. ते म्हणाले, "मना काय काढतेस? पेशंट तू हायेस."

"समोर असेल ते काढायचं, अशी अट आहे," मी म्हटलं. "बसा आता."

ते अवघडून बसले. मी काढू लागले. दार उघडलं की ते अर्धे उठायचे, आपली हाक नाही हे कळलं की परत टेकायचे. एक आजीबाई त्यांच्याकडे गोळ्यांची पाकिटं घेऊन आली, त्यांनी कुठली सकाळची नि कुठली संध्याकाळची ते वेगवेगळं करून दिलं. कुणाचं तरी बाळ थोडा वेळ त्यांच्या मांडीवर होतं. तेवीस वर्षांचा संसार, आणि हा माणूस मी असा पहिल्यांदा बघत होते. कानाजवळ पिकलेले केस. ओघळलेले खांदे. वाट बघून बघून एका बाजूला, दाराच्या दिशेला, किंचित वळलेली मान. मी काहीही गोड केलं नाही. करावंसंही वाटलं नाही.

मग माझी हाक आली. मी आत गेले, सुया घेतल्या, आणि चार तास स्वस्थ झोपले.

रविवारी चित्र टाकलं. नलिनीने यावेळी काही लिहिलं नाही, फोन केला. "कोण आहेत हे?" तिने विचारलं. मी सांगितलं.

सुरेशनी चित्र नीट पाहिलं ते घरी, ओट्यावर उजेडात धरून. चेहऱ्यावरून त्यांना काय वाटलं ते कळेना. सासूबाई मागून डोकावल्या आणि पदराने डोळे पुसून आत गेल्या. शेवटी सुरेश चित्र खाली ठेवत म्हणाले, "आता तुला ठाऊकच झालंय मी कुठं असतो ते. तर एक बोलू?"

"बोला ना."

"तो बाक लय कडक हाय गो. एखादी उशी मिळंल का? कंबर धरते."

वर्षभरात त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ती पहिली गोष्ट होती. मी त्या दुपारी जुन्या सुती साडीची उशी शिवली, आत सावरीचा कापूस भरला. दुसऱ्या दिवशी निघताना पिशवीत आधी उशी घातली, मग रंगांची पेटी.